पोटावरचा तांब्या

इकडे ये बघू, पल्लवी. अशी दाराला टेकून उभी राहू नकोस, जवळ बस. तू पुण्यात आणि मी काटेवाडीत, हे मला कळतं गं. पण तू समोर बसली आहेस असं धरल्याशिवाय मला चार ओळी लिहिता येत नाहीत. शाळा मी पाहिली ती कुंपणाबाहेरून. अक्षरं शिकले ती तुझ्या बापाच्या पाटीवर, तो झोपला की. तेव्हा चुका काढत बसू नकोस, नुसती ऐक.

दिवाळीत आलीस तेव्हा तुमच्या शोरूममधली गंमत सांगितलीस. कोणी म्हातारा आला, नव्या गाडीचं मागचं दार उघडून सीटवर आडवा झाला, गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिला आणि विचारू लागला, डोकं कुठल्या बाजूला करायचं? तुम्ही पोरींनी म्हणे आतल्या खोलीत जाऊन पोट धरून हसून घेतलं. घरातही सगळे हसले. तुझे आजोबा उठून गोठ्याकडे गेले, ते तुझ्या लक्षात आलं नाही. एवढी शिकलीस, गळ्यात कंपनीची पट्टी अडकवून फिरतेस, आणि माणूस नव्या गाडीत आडवा का होतो हे त्याला विचारावंसं वाटलं नाही होय? रागावून म्हणत नाही. बरं, थोडं रागावूनच म्हणते.

मी एक बाई पाहिली आहे, जी गाडी बघायला गेली की आधी तिच्यात आडवी व्हायची. तुझ्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद अनुसयाबाई. मी त्यांना वन्सं म्हणायची, त्यांच्या सासरी, इंदापूरकडच्या वरकुट्यात, सगळे आक्का म्हणायचे. तुझ्या जन्माआधीच त्या गेल्या. तुला भिगवणची मंगलआत्या माहीत आहे, येताना मासे घेऊन येते ती. त्या मंगलची आई.

वन्सं उंच होत्या. आपल्या घरची माणसं सगळी उंचच, पण बाईमाणसाला ती उंची उठून दिसायची. नऊवारी लुगडं, मिश्रीने काळे झालेले दात आणि आवाज असा की विहिरीच्या पलीकडे मोटर बंद करायला सांगितली तर अलीकडच्या मळ्यातला माणूसही जाऊन आपली बंद करायचा. नवरा लवकर गेला. वरकुट्याच्या माळावर त्यांनी डाळिंबाची बाग धरली, ठिबकच्या नळ्या स्वतः अंथरल्या, व्यापाऱ्यांशी स्वतः भांडल्या. पदरात दोन मुली, शकुंतला आणि मंगल. दोघीही आईसारख्याच उंच.

शकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. दुपारीच तिला त्रास सुरू झाला, अंगावरून जायला लागलं. बारामतीला निघालेली एक जीप गावात उभी होती, आत माणसं, दुधाच्या किटल्या. माणसांनी जागा केली, नाही असं नाही. पण ती उंच पोर, तिला आडवं होता येईना. गुडघे मुडपून, किटल्यांना पाठ टेकून, आईच्या खांद्यावर मान टाकून तिने तो सगळा रस्ता काढला. बारामतीत दवाखान्याच्या पायरीवर उतरवली तेव्हा डोळे मिटलेलेच होते. ना ती राहिली, ना पोटातलं. तिथले कोणी एक डॉक्टर हात धूत धूत एवढंच म्हणाले, "आडवी आणायला पाहिजे होती," आणि आत निघून गेले.

ते वाक्य खरं होतं की तोंडातून सहज गेलेलं, मला ठाऊक नाही. आडवी आणली असती म्हणून वाचली असती का, तेही ठाऊक नाही. पण वन्संच्या डोक्यात ते जे रुतलं ते कायमचं. त्या रडल्या फार नाहीत. तेराव्याला आलेल्या बायका बोलत होत्या, नशीब, दैव, कुणाची नजर. वन्सं भिंतीकडे बघत म्हणाल्या, "माणूस आडवं मावलं पायजे. एवढंच हाय ते. बाकी कायबी न्हाय."

मग मंगलचं लग्न झालं, भिगवणला. हमरस्त्यावरचं गाव, स्टेशन आहे, मासळीच्या गाड्यांची रात्रंदिवस ये-जा. मंगलला दिवस गेले, तेव्हा तिच्या सासूबाईंनी निरोप धाडला, की बाळंतपण आम्ही इथेच करू, तुमच्याकडे तिथं वाहन नाही, काही नाही. बोलणं वावगं नव्हतं. पण वन्संना ते कसं लागलं असेल, सांग. त्या तडक भिगवणला गेल्या आणि विहिणीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "गाडी दारात उभी करते. मग तर पाठवशीला?" विहीणबाई म्हणाल्या, "आधी उभी करा."

आता कळलं ना तुला, काय टांगणीला लागलं होतं ते? लोकांना वाटलं आक्का डाळिंबासाठी पिकअप घेतायत. आम्हालाही आधी तसंच वाटलं.

त्या काळी बारामतीत गाड्यांची दुकानं आतासारखी काचेची नव्हती. एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन गाड्या, एक टेबल, एक पंखा, आणि भिंतीवर देवाचा फोटो असलेलं कॅलेंडर. मी, तुझे आजोबा आणि वन्सं, आम्ही तिघं गेलो. विकणारा माणूस तुझ्या आजोबांशीच बोलायचा. "साहेब, इंजिन असं आहे, साहेब, अ‍ॅव्हरेज एवढं देते, साहेब, माल ओव्हरलोड केला तरी हलत नाही." वन्सं मध्येच म्हणाल्या, "हौदा लांबीला किती?"

"भरपूर आहे, मावशी," तो त्यांच्याकडे न बघताच म्हणाला.

"भरपूर म्हंजी किती? भरपूर तर माझं तोंडबी हाय."

तो हसला. तोवर वन्संनी चपला काढल्या, लुगड्याचा ओचा खोचला आणि माझ्या खांद्यावर हात देऊन त्या मागच्या हौद्यात चढल्या. चढल्या आणि सरळ आडव्या झाल्या, भर दुकानात, पत्र्यावर. पंख्याखालची माणसं उठून बघायला आली.

"कुसुम, पाय कुठवर आलं बघ गं."

मी बघितलं. म्हटलं, "काठाच्या बाहेर आलेत, वन्सं."

"बापू, फाळका लाव."

फाळका म्हणजे हौद्याचं मागचं दार. तुझे आजोबा लाजून लाल झाले होते. त्यांनी फाळका उचलला तशी वन्संना गुडघे वर घ्यावे लागले. त्या तशाच पडून राहिल्या, वरच्या पत्र्याकडे बघत. मग हलकेच म्हणाल्या, "ही न्हाय."

"मावशी, उतरा आता, रंगाला ओरखडे पडतील," तो माणूस म्हणाला.

"पडू दे. तुझा रंग माझ्या लुगड्याला लागला तर मी म्हणंन का काय?"

तेव्हा मला सगळं कळलं. तुझ्या आजोबांना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर मात्र ते पुन्हा लाजले नाहीत.

अशा आम्ही बारामतीतल्या सगळ्या शेडी पालथ्या घातल्या. एक गाडी तीनचाकी निघाली, ती वन्संनी लांबूनच हातवारे करून नाकारली, "ही शेळ्या न्यायला बरी हाय." एक ट्रकसारखी थोराड होती, हौदा ऐसपैस, दोन माणसं झोपावीत असा. मला वाटलं, झालं काम. पण वन्सं म्हणाल्या, "चालवून दावा. मी मागं झोपते."

"ट्रायल पुढे बसून घेतात, मावशी."

"पुढं बसलेलं माणूस पोचतंच, बाबा. मला मागचं बघायचंय."

आणि त्यांनी पिशवीतून घरून आणलेला तांब्या काढला, दुकानातल्या माठातलं पाणी काठोकाठ भरून घेतलं आणि हौद्यात आडवं होऊन तो पोटावर ठेवला. दोन्ही हातांनी घट्ट धरला. गाडी काटेवाडीच्या फाट्यापर्यंत गेली आणि परत आली. वन्सं उतरल्या तेव्हा लुगडं कमरेपासून गळ्यापर्यंत भिजलेलं, तांब्यात तळाशी पाणी. "पाटे लई कडक हायती हिचं," त्या म्हणाल्या. पाटे म्हणजे चाकांवरच्या, धक्के झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या. त्या थोराड गाडीचं नाव त्यांनी परत काढलं नाही. दुकानातली दोन माणसं तोंड फिरवून हसत होती. ओल्या अंगाने वन्सं त्यांच्यासमोरून गेल्या, चपला घातल्या. मी पदर सारखा करायला पुढे झाले, तर म्हणाल्या, "राहू दे गं. वाळंल."

शेवटी एक मधल्या आकाराची पिकअप पसंत पडली. पुढे ड्रायव्हरची एकच केबिन, मागे लांब हौदा. वन्सं त्यात पाय ताणून झोपल्या आणि फाळका लागल्यावरही पायाशी वीतभर जागा उरली. फाट्यापर्यंत जाऊन आल्यावर तांब्यात निम्म्याच्या वर पाणी होतं. त्या दिवशी त्या पहिल्यांदा हसल्या.

दुकानाचा मालक, शेठच म्हणू त्याला, गोड बोलायचा. "आक्का, ही दाखवायची गाडी. तुमची नवी येईल. नागपंचमीच्या आत दारात." वन्संनी त्याला तीन वेळा विचारलं, "हीच ना? हाच हौदा?" तो तिन्ही वेळा म्हणाला, "हीच आक्का, हाच." त्या भरवशावर विहीणबाईही नमल्या आणि मंगल सातव्या महिन्यात वरकुट्याला आली. डोहाळजेवण झालं. नागपंचमी गेली. शेठ म्हणाला, गाडी कारखान्यातून निघाली. मग म्हणाला, वाटेत आहे. मग गौरी-गणपतीत निरोप आला, गाडी आली, न्यायला या.

आम्ही गेलो तर गाडी हार घालून, फुगे लावून तयार. हौद्यावर ताडपत्री ताणून बांधलेली. शेठ म्हणाला, मुहूर्त चाललाय, आधी पूजा करून घ्या. आणि इथे बघ काय झालं. वन्सं विधवा. असल्या पूजेला त्या आपणहून बाजूला व्हायच्या, कुणी सांगावं लागायचं नाही. माळवं विकताना, भांडताना, हौद्यात झोपताना त्यांना लाज नव्हती. पण नव्या वस्तूवर आपली सावली नको म्हणून त्या फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या, पाठ करून. मी कुंकू लावलं, ओवाळलं. तुझ्या आजोबांनी नारळ फोडला. चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे काढली. पेढे वाटले. सगळं झाल्यावर वन्सं घाईने आल्या आणि मागे न बघता पुढे, शेठच्या ड्रायव्हरशेजारी बसल्या.

वरकुट्याच्या अंगणात आल्यावर त्यांनी ताडपत्रीची दोरी सोडली. पुढे दोन केबिनी होत्या, एकामागे एक, मागे चार माणसं बसतील अशा. आणि हौदा उरला होता तो एवढासा. मागची बाकं आम्हाला दिसली होती, पण त्यापायी हौदा आखूड झालाय हे फुगे, हार आणि ताडपत्रीत कळलंच नाही, आणि ज्यांना कळलं असतं त्या रस्त्यावर पाठ करून उभ्या होत्या. वन्सं चढल्या, आडव्या झाल्या. गुडघे वर आले.

तुझे आजोबा म्हणाले, "आक्का, आता ऱ्हाऊ दे. नारळ फुटलाय. हार घातलेली गाडी परत करत्यात व्हय? घरात गरवार पोर हाय."

"नारळ तू फोडला," वन्सं म्हणाल्या, "मी न्हाय."

त्यांनी हार ओढून काढला आणि म्हशीपुढे टाकला. त्याच पावली गाडी परत बारामतीला नेली. जाताना त्या मागे, त्या तोकड्या हौद्यातच बसल्या होत्या.

शेठ आधी हसला, मग चिडला. "आक्का, पूजा झालेली गाडी आता मी कुणाच्या गळ्यात मारू? हिच्यात चार माणसं जास्त बसतात, फायदाच आहे तुमचा."

"चार माणसं बसत्यात. एक झोपत न्हाय."

"बरं, असं करा," तो म्हणाला, "लांब हौद्याची येईपर्यंत हीच वापरा. ती आली की बदलून देतो."

पल्लवी, ही गोष्ट नीट ऐक. तो तेव्हा खरं बोलत होता की नव्हता, हे आजपर्यंत कुणाला सांगता येणार नाही. तुझे आजोबा म्हणाले, घेऊ या. मीही म्हटलं. वन्संनी किल्ली हातात फिरवून पाहिली. मग म्हणाल्या, "एकदा का ही माझ्या दारात हुबी राह्यली, की ती यायची न्हाय. मला ठावं हाय ह्यांचं. न्हाय घेत." आणि दुकानदारांच्या बाबतीत त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. किल्ली टेबलावर ठेवून आम्ही एस.टी.ने परत आलो.

गावाने तोंडसुख घेतलं. पुजलेली गाडी माघारी पाठवली, आता काय होईल ते बघा, असं बायका पाण्यावर बोलायच्या, मंगलला ऐकू जाईल अशा. मंगल आधीच बहिणीच्या आठवणीने भ्यालेली; ती आणखी मिटली.

आणि शेठने, काय मनात आलं देव जाणे, थोड्याच दिवसांत खरोखरची लांब हौद्याची गाडी आणून उभी केली. निरोप आला तेव्हा पितृपंधरवडा लागला होता. शेठनेच सांगून धाडलं, गाडी आलीय, पण पितरांत कोणी नवी गाडी नेत नाही, घटस्थापनेला न्या. वन्सं म्हणाल्या, "मी आजच आणते." पिशवीही हातात घेतली. मी तेव्हा वरकुट्यातच होते. मंगल उंबऱ्यात येऊन आडवी उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून.

"आई, पितरात नको. एकदा तुझं खरं केलंस. आता एकदा तरी लोकांचं ऐक. माझ्यासाठी ऐक."

दिवस भरायला अवकाश होता. घटस्थापना काही लांब नव्हती. वन्संनी मंगलच्या तोंडाकडे बघितलं, मग पोटाकडे, आणि पिशवी खुंटीला अडकवली. "बरं," म्हणाल्या. आयुष्यात कुणाचं ऐकून त्या गप्प बसल्या, ते मी पाहिलं तेवढं त्या एकदाच.

सर्वपित्री अमावास्या यायच्या आधीच मंगलला कळा सुरू झाल्या. ऊन मी म्हणत होतं. गावातली एकुलती जीप कुणाच्या तरी श्राद्धाला माणसं घेऊन गेलेली. वन्संनी ट्रॅक्टर जोडायला लावला, ट्रॉलीत उसाचं पाचट पसरलं, वर गोधड्या टाकल्या, आणि मंगलला आडवी केली. आडवी मावली गं ती, अगदी पाय ताणून. पण ट्रॉलीला कुठले आलेत पाटे. दगड आला की सगळी ट्रॉली उडायची. वन्सं पोरीच्या पोटावर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या, जसा तो तांब्या धरायच्या तसा, घट्ट. मी डोक्याशी होते. इंदापूर गाठेपर्यंत त्यांनी ते हात उचलले नाहीत. मध्येच एकदा ड्रायव्हरला हाक मारून त्या म्हणाल्या, "हळू घे." आणि लगेच, "न्हाय, न्हाय, बिगी घे." मग पुन्हा, "हळू." बिचाऱ्याला काय करावं कळेना.

मंगल वाचली. पोर गेलं. मुलगी होती, लांबसडक.

भिगवणची माणसं इंदापुरातूनच मंगलला घेऊन गेली. निघताना ती आईसमोर थांबली. आवाज न चढवता म्हणाली, "आई, हौदा आखूड होता, पण चाकं होती ना त्या गाडीला?"

वन्संनी तिची गोधडी घडी करून गाडीत ठेवली. आणि हेच मला तुला सांगायचं आहे, पल्लवी. पितरात नको असं मंगलच म्हणाली होती. उंबऱ्यात हात पसरून उभी राहिली होती. ते मी ऐकलं होतं, आम्हा तिघींशिवाय कुणाला माहीत नव्हतं. वन्संनी त्या दिवशी ते तोंडातून काढलं नाही, आणि पुढे कधीच काढलं नाही. मी एकदा विषय काढला, की वन्सं, तुम्ही एकट्यानेच का सोसता, तर माझ्यावर केवढ्यांदा ओरडल्या. "त्ये कुणी तिच्या तोंडावर म्हटलं तर ती जगंल का? तिनं मला बोललेलं बरं. बोलंल आन् जगंल."

घटस्थापनेला गाडी आली. तिला ना हार, ना नारळ. फाटकाबाहेर या वेळी कुणी उभं राहिलं नाही; वन्संनी स्वतःच किल्ली घेतली. गाडीवर भिगवणचा रशीद ड्रायव्हर म्हणून आला, आधी मासळीची गाडी चालवायचा. मुद्दाम भिगवणचाच माणूस का ठेवला, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. रशीद सुट्टीला घरी जाऊन आला की त्या त्याला चहा द्यायच्या आणि समोर बसायच्या. तो आपणहून सांगायचा, "मंगलताई बाजारात दिसल्या. बऱ्या हायत." पुढे एकदा म्हणाला, "मंगलताईंस्नी मुलगा झाला." वन्सं म्हणाल्या, "चा घे, निवला."

त्या गाडीतून डाळिंबं गेली तेवढीच बायामाणसं गेली. हौद्यात एका कडेला गुंडाळलेली गादी कायम असायची. वरकुट्यात, वाड्यावस्त्यांवर कुठेही बाई अडली की निरोप यायचा आणि भरलेल्या गाडीतली खोकी वन्सं भराभरा खाली उतरवायला लावायच्या. व्यापारी ओरडायचा, आक्का, मार्केट हुकेल. "हुकू दे. डाळिंब उद्याबी लालच असतंय." स्वतः मागे बसायच्या, पोटावर हात ठेवून. दवाखाना आला, बाईला आत नेलं, की त्या मात्र खाली उतरायच्या नाहीत. गाडीतच बसून राहायच्या. बाहेर कोणी आलं की एकच विचारायच्या, "दोघंबी हायत ना?" हो म्हटलं की, "रशीद, चल." बाळ कधी बघितलं नाही, पेढा कधी तोंडात घातला नाही. एका सासूने कौतुकाने बाळ गाडीपाशी आणून दाखवायला पदर बाजूला केला, तर वन्संनी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं, आक्का माणूसघाणी आहे.

दोघंही नाहीत, असं ऐकायची वेळही आली गं. चांगली गाडी, लांब हौदा, मऊ गादी, आणि तरीही. त्या दिवशी परत येताना त्या माझ्या घरी थांबल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "कुसुम, आडवी आणली हुती गं मी तिला." बस. मग उठून गेल्या. त्यांची सगळी वर्षं त्या एका वाक्यावर उभी होती आणि ते वाक्य पायाखालून सरकलं होतं. पण दुसऱ्या दिवशी निरोप आला तशी गाडी पुन्हा निघाली.

अशी बरीच वर्षं गेली आणि वन्संनाच पोटाचं दुखणं लागलं. अंगावर काढलं. कळलं तेव्हा उशीर झाला होता. बारामतीला न्यायचं ठरलं तर हालेनात, म्हणाल्या, मला काय करायचाय दवाखाना. रशीद कुणाला न विचारता भिगवणला गेला आणि मंगलला घेऊन आला. इतक्या वर्षांनी मंगल त्या उंबऱ्यातून आत आली. आईकडे बघितलं, आणि खुंटीवरून पिशवी काढून आईचं लुगडं त्यात भरायला लागली. वन्सं मग गुमान उठल्या.

हौद्यात गादी पसरली, वन्संना आडवं केलं. मंगल पायाशी, मी डोक्याशी. रशीद असा चालवत होता की मागून येणारे सायकलवाले पुढे जात होते. भवानीनगर मागे पडलं तेव्हा मंगल एकदम बोलली. आईकडे न बघता, फाळक्याकडे बघत. "आई, मीच नको म्हनले हुते. पितरात नको म्हनून. मला कायम ठावं हुतं." आणि तिला रडू फुटलं.

वन्संनी डोळे उघडले. मला वाटलं आता काही बोलतील, हातात हात घेतील. त्या म्हणाल्या, "मंगल, पाय कुठवर आलं बघ गं."

मंगलने डोळे पुसले. आईचे घोटे धरून पाहिले, मग हात फाळक्यापर्यंत नेला. "लागत न्हायत, आई. अजून जागा हाय."

"मग बरं," वन्सं म्हणाल्या.

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. आपला काटेवाडीचा फाटा आला तेव्हा मी हाक मारली, ओ दिली नाही. रशीदला आम्ही थांबायला सांगितलं नाही. मंगल आईचे घोटे धरून तशीच बसली, बारामतीपर्यंत.

ती गाडी आता आपल्या गोठ्याच्या मागे उभी आहे. तूही पाहिली आहेस, कोंबड्या अंडी घालतात ती. चाकांत हवा नाही, पत्रा गंजलाय. भंगारवाला दरवर्षी विचारून जातो आणि तुझे आजोबा त्याला दरवर्षी हाकलतात. मंगल येते तेव्हा मासे चुलीपाशी ठेवून आधी तिकडे जाते, फाळका उघडते, कोंबड्यांना हुसकते आणि थोडा वेळ कडेला बसून येते. आम्ही कोणी तेव्हा तिला हाक मारत नाही.

तर बाई, तो म्हातारा परत आला तर त्याला हसू नकोस. त्याला खुर्ची दे, पाणी दे, आणि विचार, बाबा, घरी कोण आहे? कुणाला आडवं न्यायचं आहे? मग त्याला सांग, ही सीट पुरेल की नाही पुरणार. खरं सांग, तुझी गाडी खपली नाही तरी चालेल.

आणि सुट्टी काढून ये गं लवकर. मंगलआत्या पुढच्या पंधरवड्यात यायची म्हणते, तेव्हाच ये. बाजरीची भाकरी आणि तिच्या हातचं कालवण खा, मग आपण तिघी मिळून तो हौदा झाडून काढू. तूही उंच झाली आहेस आता. एकदा त्यात आडवी हो, पाय कुठवर येतात ते मी बघते. ये, वाट बघतेय.